थोरल्या आंब्याचं लग्न

चैत्र सरत आला की बाजारात आंब्याच्या पेट्या उतरतात आणि माझं डोकं फिरतं. पेटीत गवत, गवतात आंबे, सगळे एका मापाचे आणि एका रंगाचे. विकणारा म्हणतो, आजी, घ्या, एकही आंबट निघणार नाही, माझी हमी. मी त्याला म्हणते, मग त्यात मजा काय राहिली? तो हसतो. म्हातारीला घ्यायचं काही नाही, नुसतं बोलायचं आहे, असं त्याला वाटतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही असतं. तरी मी घेते. घरी येऊन एक कापते, गोड निघतो. दुसरा कापते, तोही तितकाच गोड. तिसऱ्याला हात लावायची इच्छा होत नाही.

मी जिथे आंबे खायला शिकले त्या आमराईत कोणाचीच हमी चालत नव्हती. सगळी झाडं कोयीपासून वाढलेली. कोय लावली की झाड उगवतं एवढंच माणसाच्या हातात. फळ कसं धरायचं ते झाड ठरवणार. एकाच आंब्याच्या झाडाच्या दोन कोया शेजारी शेजारी लावाव्यात, तर एकीचं झाड खडीसाखर आणि दुसरीचं दात आंबवणारं. माणसांचंही असंच असतं, असं माझे वडील म्हणायचे. पण ते शाळामास्तर होते, त्यांना कशातूनही काहीतरी शिकवायचंच असायचं. मला मात्र आंब्यातून आंब्याखेरीज काही नको असायचं. आता या वयात हवं झालं आहे, ते सोडा.

आम्ही नांदुऱ्याला राहायचो. रेल्वेचं गाव. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, इंजिनाच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला होता. हुकूम नागपुराहून निघायचे आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर थंड होऊन जायचे, असं वडील म्हणत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आईला घाटावरचे वेध लागायचे. मग दमणी जुंपायची. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी, पण हलकी ती बैलांना. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची. मोताळ्यापर्यंत सपाट वाट, दोन्हीकडे उन्हानं भेगाळलेली काळी जमीन आणि बाभळी. नळगंगेचं कोरडं पात्र ओलांडलं की जमीन हळूहळू वर उचलायला लागायची. मग डोंगर अंगावर यायचा. सागाची पानं झडलेली, सालईची पांढरट खोडं, खडकाच्या फटीतून डोकावणारी सीताफळाची झुडपं. शेवटचा चढ बैलांना झेपत नसे, म्हणून आम्ही खाली उतरून गाडीमागून चालायचो. पायाखाली गरम दगड, घशाला कोरड, आणि मग एका वळणावर अचानक गार हवेचा झोत आणि त्यात आंब्याचा वास. तो वास आला की आई पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, आली बाई अंजनदरी.

अंजनदरी दोन डोंगरांच्या खोबणीत बसलेली. थोडीच घरं, एक नाला, नाल्याकाठी विहीर. आणि नाल्यापलीकडच्या बरड उतारावर अनसामावशीची आमराई.

अनसामावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्न होऊन अंजनदरीला आली आणि दोनेक वर्षांतच तिचा नवरा तापानं गेला. आमच्यात दुसरा घरोबा चालायचा, पाट लावायला कोणाची ना नव्हती. तिच्यासाठी स्थळंही आली. तिनं सगळ्यांना पाणी देऊन परत पाठवलं. दिरानं, नामदेवकाकांनी, भावाच्या वाट्याची जमीन तिला कसायला दिली. चांगली काळी जमीन दोघांच्या सामाईक वहितीत होती, तिच्या एकटीच्या वाट्याला आला तो हा उतार. दगड, मुरूम आणि कुसळी गवत. तिथे काही येत नाही हे गावाला ठाऊक होतं. मावशीनं तिथे कोया लावल्या. नाल्यातून डोक्यावर घागरी वाहून प्रत्येक रोपाला पाणी घातलं, काट्यांची कुंपणं केली, शेळ्यांना दगड मारले आणि शेळ्यांच्या मालकांना शिव्या दिल्या. तिच्या नाकावर माशी बसत नसे. गाव आधी हसलं, मग गप्प बसलं, आणि झाडं माणसाच्या वर गेल्यावर सावलीला येऊन बसू लागलं.

त्या आमराईतल्या झाडांना नावं होती. खांद्यावर शेंदरासारखा लाल रंग चढणारा शेंद्र्या. त्याचा रस घट्ट आणि इतका गोड की पोळी नको व्हायची. पांढऱ्या गराचा खोबऱ्या. शेपूच्या भाजीचा वास मारणारा शेप्या, तो आईला आवडायचा आणि मला उलटी आणायचा. सुपारीएवढी फळं धरणारा गोट्या, आम्हा पोरांचा. प्रत्येकाखालची सावलीसुद्धा मला वेगळी वाटायची. दुपारी त्या सावलीत गोधडी टाकून पडायचं, वर हिरव्या पानांतून ऊन हललेलं बघायचं आणि पाडाचा आंबा कुठे पडतो त्याकडे कान लावून राहायचं. पडला की सगळी धावायची. असं निवांत धावणं मी पुन्हा कधी केलं नाही.

आणि उताराच्या माथ्यावर होता तो थोरला.

थोरला म्हणजे तिनं लावलेलं पहिलं झाड. त्याची कोय मावशीनं माहेराहून आणली होती. माहेरच्या अंगणात साखऱ्या नावाचा आंबा होता आणि त्याच्या गोडीची कीर्ती पंचक्रोशीत होती, असं दोघी बहिणी सांगत. पुढे तो साखऱ्या वावटळीत पडला, आईबाप गेले, घरही विकलं गेलं. माहेर म्हणून जे काही उरलं ते या उतारावर उभं होतं, असं मावशी मानायची. थोरल्याचा वास साऱ्या आमराईत पहिला. आढीत, म्हणजे काडाच्या अंथरुणावर पिकत घातलेल्या आंब्यांत, थोरल्याची दोन फळं असली तरी खोली घमघमायची.

मावशीनं मात्र ते फळ कधी तोंडाला लावलं नव्हतं. थोरल्याचंच काय, शेंद्र्याचं, खोबऱ्याचं, कुठल्याच झाडाचं नाही. आमच्याकडे तेव्हा रीत होती: ज्यानं आमराई लावली त्यानं तिचं लग्न लावायचं. एक झाड नवरदेव, त्याच्या बुंध्याशी जाईचा वेल लावायचा ती नवरी. हळद, अंतरपाट, अक्षता, सगळं माणसांच्यासारखं. ते होईपर्यंत साऱ्या गावानं आंबे खावेत, पण लावणाऱ्यानं खायचे नाहीत. आपल्या लेकराचं लग्न न करता त्याच्या कमाईवर जगावं, तसं ते समजलं जाई. आणि कागदावर नाव कोणाचं ते पटवारी जाणे, पण गावाच्या तोंडी आमराई त्याचीच, ज्याच्या हातानं तिचं लग्न लागलं.

लग्न लावायला जोडपं बसावं लागतं. मावशी एकटी. तिथेच सगळं अडलं होतं.

नामदेवकाका वाईट माणूस नव्हते. दर वर्षी म्हणायचे, वहिनी, आम्ही दोघं बसतो, तुम्ही सुखानं आंबे खा. मावशी हो की नाही बोलायची नाही. रात्रंदिवस राबून तिनं केलेली आमराई एका सकाळच्या अक्षतांनी दुसऱ्याच्या नावावर जाणार, हे तिला दिसत होतं. काका स्वतः तसं म्हणाले नसते. त्यांच्या मुलांनी म्हटलं असतं. म्हणून ती थांबली होती. आम्हाला रस काढून द्यायची तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत पिवळे व्हायचे. रस काढून झाला की ती उठायची, नांदेतल्या पाण्यात हात बुडवायची आणि खसखसून धुवायची. एक बोटसुद्धा चाटताना मी तिला कधी पाहिलं नाही. मला तेव्हा ती फार स्वच्छ बाई आहे असं वाटायचं.

आता थोरल्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, जी मावशी सोडून सगळ्या अंजनदरीला ठाऊक होती. थोरला आंबट होता. साधा आंबट नव्हे. पूर्ण पिकलेलं, केशरी, वासानं वेड लावणारं फळ तोंडात घातलं की कानशिलं दुखायची.

त्याला पहिल्यांदा फळं धरली त्या वर्षी मी लहान होते, पण तो प्रसंग आईनं पुढे मला इतक्यांदा सांगितला की मला तो दिसतो. मावशीनं आढीतलं पहिलं पिकलेलं फळ बहिणीच्या हातात दिलं आणि समोर उकिडवी बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आईनं चोखलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीला वाटलं, माहेर आठवलं. तिनं विचारलं, "काशे, साखऱ्याच ना?" आणि आई म्हणाली, "हाव बाई. साखऱ्याच."

बस, एवढंच. त्या एका वाक्यानं अख्खं गाव बांधलं गेलं. कारण दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी थोरल्याची फळं विकायला न काढता घरोघर वाटायची. एकेका घरासमोर उभी राहायची, खाऊन बघा म्हणायची, आणि विचारायची, कसा हाय? बहिणीनं गोड म्हटलेलं. आता दुसरं कोण काय म्हणणार? कर्तेसवरते पुरुष दाराच्या चौकटीत उभे राहून, डोळे मिटून, गोड हाय म्हणायचे. बायका म्हणायच्या, मायेची चव हाय, अनसाबाई. मलाही एकदा तिनं विचारलं होतं. माझं तोंड वाकडं व्हायच्या आत आईनं पाठीला चिमटा काढला. खोटं बोलू नये असं वडील शाळेत शिकवायचे, आणि तेच अंजनदरीला आले की थोरला खाऊन वा वा म्हणायचे.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. इतक्या माणसांनी इतकी वर्षं एक आंबट आंबा गोड म्हणून गिळला, तो तिच्या भीतीनं नव्हे. तिची जीभ तिखट होती हे खरं, पण गावात तिच्याहून तिखट बायका होत्या आणि त्यांचं कोणी काही ऐकत नसे. मला वाटतं, घागरी वाहताना तिला सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या चढावर, त्या उन्हात. ते पाहिल्यावर आंबट म्हणायला जीभ उचलत नसेल. आणि एकदा गोड म्हटल्यावर पुढच्या वर्षी खरं बोलणं आणखी अवघड, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून. शिवाय ती कुठे खाणार होती? लग्न होत नव्हतं तोवर सगळं सुरक्षित होतं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी ते तसं राहिलं नाही.

आम्ही चढ चढून आमराईत शिरलो तर थोरल्याच्या बुंध्याशी जाईचा वेल. चांगला कमरेपर्यंत चढलेला, सुतळीनं खोडाला धरलेला, भोवती ओलं आळं. आई जागच्या जागी थांबली. वेल आदल्या हंगामात हमीदाचाचीनं आणून दिला होता. हमीदाचाची आणि तिचा नवरा रहीमचाचा बागवान, म्हणजे फळांच्या धंद्यातले. घाटाखालून ती दोघं दर उन्हाळ्यात वर यायची, आमराईत खोप घालून राहायची, आंबा उतरवायची, आढी लावायची आणि गाड्या भरून खाली न्यायची. चाचीच्या घरच्या अंगणात जाईचा मांडव होता. त्यातली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं मावशीला दिली, ती फुलांची हौस म्हणून. मावशीनं ती वर्षभर वाढवली, ती मात्र नवरी म्हणून.

मावशीनं आम्हाला पाणी दिलं आणि बसायच्या आत सांगून टाकलं. यंदा आखाजीला थोरल्याचं लग्न. लावणार मीच.

त्या संध्याकाळपासून अंजनदरीत जी धांदल उडाली ती आठवली की मला अजून हसू येतं. कारण आता गावापुढे दोन प्रश्न उभे राहिले. एक, एकट्या बाईनं लग्न कसं लावायचं. दुसरा, लग्न झालं की ती थोरला खाणार. पहिल्या प्रश्नावर सगळे मोठ्यानं बोलायचे, दुसऱ्यावर कुजबुजत.

पलीकडच्या गावाहून जोशी आले. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि म्हणाले की बाई एकटी बसू शकत नाही, दीर-जावेला बसवा. मावशीनं त्यांना गूळपाणी दिलं, नमस्कार केला आणि वाटेला लावलं. मग एकेक जण तिला वळवायला आला. गंमत अशी, की लग्न लावू नको असं कोणी म्हणेना. लाव, पण थोरल्याचं नको, शेंद्र्याचं लाव. नामदेवकाका म्हणाले, शेंद्र्याचा घेर मोठा, मांडव घालायला नको. रहीमचाचा म्हणाले, शेंद्र्या आधी पिकतो, आखाजीला तयार फळ मिळेल. बायका म्हणाल्या, शेंद्र्या दिसायला देखणा, नवरदेव शोभेल. तिनं शेंद्र्या खावा, गोड निघावा आणि सगळं निभावून जावं, एवढाच बिचाऱ्यांचा बेत.

पण शेंद्र्या उभा होता खाली बांधावर, नामदेवकाकांच्या शेताला लागून. अर्ध्या फांद्या त्यांच्याच शेतात झुकलेल्या. मावशीनं मनाशी हिशेब जुळवला आणि तो साफ चुकीचा जुळला. तिला वाटलं, हे सगळं दिराचं कारस्थान. बांधावरच्या झाडाचं लग्न लागलं की उद्या आमराई बांधापलीकडे गेलीच म्हणून समजा. जितके लोक शेंद्र्याचं नाव घेत तितकी ती थोरल्याला घट्ट धरत होती. तिच्या भल्यासाठी मूग गिळून बसलेलं गाव तिला वैरी दिसू लागलं.

शेवटी आईनं प्रयत्न केला. चुलीपाशी दोघी बसल्या होत्या, मी कैऱ्या खात ओट्यावर. आई इतकंच म्हणाली की बाई, शेंद्र्याचंच लाव ना, झाड ते झाड. मावशीनं फुंकणी खाली ठेवली.

"तू बी त्याइच्यात गेली काय, काशे?" ती म्हणाली. "माह्या मायच्या अंगनातला आंबा हाय तो. त्याले सोडून मी दुसऱ्याच्या बांधावरच्या झाडाले बाशिंग बांधू?"

आईनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. चुलीतलं लाकूड तडतडलं, आणि ती म्हणाली, बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे. मी आईला त्याबद्दल कधी दोष दिला नाही. माहेर एकदा गेलेलंच होतं, ते बहिणीच्या हातून दुसऱ्यांदा काढून घ्यायला तिचा हात धजला नाही.

मी पुढे मोठी झाले, मास्तरीण व्हायचं शिक्षण घ्यायला अकोल्याला जायचं म्हणाले, तेव्हा माझ्याभोवतीही अशीच माणसं गोळा झाली. वाईट कोणीच नव्हतं. सगळी माझ्या भल्याचं सांगत होती, आणि भल्याचं सांगणाऱ्यांपुढे उभं राहणं वैऱ्यापुढे उभं राहण्यापेक्षा कठीण असतं. त्या वेळी मला चुलीपुढची मावशी आठवली. ती कारणाविषयी चुकली होती, माणसांविषयी तर पार चुकली होती. पण हट्ट बरोबर होता. माणूस चुकीच्या कारणानंही योग्य जागी ठाम उभं राहू शकतं, हे मला तिच्यामुळे कळलं, आणि मी अकोल्याला गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी गावातली चार शहाणी माणसं आमराईत आली. त्यांनी शेवटचा अडसर घातला: नवरीकडचं कोण? कन्या द्यायला तरी जोडपं हवं. मावशी थोरल्याच्या खोडाला टेकून बसली होती, ती उठली.

"झाड मी लावलं, मी वाढवलं. मी त्याची माय," ती म्हणाली. "माहं कुंकू गेलं म्हून मी माय राह्यली नाई काय? आन् नवरी हमीदाच्या अंगनातली. तिचे मायबाप ते दोघं. जोडपंच हाय ना?"

रहीमचाचांनी कानांना हात लावले. आमच्यात असं काही नसतं बाई, लोक काय म्हणतील, दोन्हीकडचे हसतील, असं ते पुटपुटू लागले. हमीदाचाची आंब्यांच्या टोपल्यांवर गोणपाट शिवत होती. तिनं मान वर केली नाही. "वेल मीच देल्ला ना?" ती म्हणाली. "मंग पोरीले सासरी पाठवाले मले कोनाले पुसा लागते काय?" चार शहाणी माणसं एकमेकांकडे पाहून परत गेली.

आखाजीची सकाळ. थोरल्याचं खोड धुऊन त्याला हळद लावली. मावशीनं स्वतः बाशिंग बांधलं, चाचीनं वेलाला हिरव्या चिंधीचं लुगडं गुंडाळलं. वडिलांचं उपरणं अंतरपाट झालं. एक टोक वडिलांकडे, दुसरं रहीमचाचांकडे. रहीमचाचा लाजून मान खाली घालून उभे होते, पण उपरणं त्यांनी ताठ धरलं होतं. अक्षता हळदीत घोळलेल्या ज्वारीच्या. मावशी नवं निळं लुगडं नेसून नवरदेवाच्या उजव्या हाताला उभी राहिली. लग्नात अशा बाईनं मागे राहायचं असतं, पुढे यायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. म्हणून आधी कुंपणाच्या आत कोणी येईना. मग आई पदर खोचून पुढे गेली आणि तिनं गाणं उचललं. दुसऱ्या गाण्याला एक बाई आत आली, मग तिची सासू, मग शेजारीण. नामदेवकाका मात्र बाहेर हाताची घडी घालून उभे होते.

गाणी संपली. आता पुढे काय, ते कोणाला कळेना. जोशी नव्हते, आणि शेवटचं सावधान म्हणायचं कोणी? वडिलांनी घसा खाकरला, पण आवाज निघेना. सगळे अक्षता मुठीत धरून उभे. वाऱ्यानं उपरणं हललं. मावशी समोर बघत होती, कोणाकडे वळत नव्हती, पण तिच्या मुठीतली ज्वारी बोटांतून एकेक दाणा गळताना मला दिसत होती.

"शुभ मंगल सावधान." आवाज कुंपणाबाहेरून आला. जाडाभरडा, शेतातल्या माणसाचा. नामदेवकाका घडी सोडून आत येत होते, आणि सगळ्यांत पहिल्या अक्षता त्यांच्याच पडल्या. मावशीनं त्यांच्याकडे जे पाहिलं ते पाहून मला रडू आलं. त्या दिवसापासून गावात त्या झाडांना अनसाबाईची आमराई म्हणतात. आज थोडीच झाडं उरली आहेत, पायथ्यापर्यंत मोटार जाते, तरी वाट विचारली तर लोक तेच नाव सांगतात.

मग ती वेळ आली. रहीमचाचांनी आढीतून थोरल्याचं फळ आणलं. त्या बिचाऱ्यांनी ते कितीतरी आधीपासून काडात खोल दाबून ठेवलं होतं, पार मऊ होऊन सुरकुत्या पडेपर्यंत, की काहीतरी फरक पडेल. मावशीनं ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं, देठ काढला आणि थोरल्याच्या सावलीत मांडी घालून बसली. सगळं गाव उभं होतं. आईनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की हात बधिर झाला.

मावशीनं पहिला घोट घेतला. तिचा चेहरा हलला नाही. दुसरा घेतला. सावकाश, न थांबता तिनं पूर्ण आंबा खाल्ला, साल उलटी करून खरवडली, कोय पांढरी होईस्तोवर चोखली. मग ती कोय हातात धरून तिनं वर पाहिलं. आधी आईकडे.

"काशे, हा साखऱ्या नाई."

"नाई, बाई," आई म्हणाली.

"पैल्या सालापासून मालूम होतं तुले?"

आईनं मान डोलावली. मावशीनं नजर फिरवली. नामदेवकाका, रहीमचाचा, हमीदाचाची, चौकटीत उभे राहून डोळे मिटून आंबा खाणारे ते सगळे पुरुष. प्रत्येकजण आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. शेंद्र्याचं नाव सगळे का घेत होते, ते तिला तेव्हा कळलं असावं, कारण नामदेवकाकांवर तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर सगळ्यांना हाकलून देईल. माहेर गेलं होतं, आणि ते गेल्याचं तिलाच सर्वांत शेवटी कळलं होतं.

मावशी उठली. लुगडं झटकलं, पदर कमरेला खोचला आणि थोरल्याखाली उभी राहून वर बघू लागली. प्रत्येक फांदीला अजून हिरवे, टणक आंबे लटकत होते. ती एकेक फांदी बघत झाडाभोवती फिरली, आणि आमच्याकडे न वळताच बोलली.

"लोनच्याचा आंबा हाय हा," ती म्हणाली. "येवढी वर्सं पिकू देऊन वाया घालवला तुमी. झेला आना, आजच उतरवाचा."

झेला म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी. ती आणायला नामदेवकाका स्वतः गेले.